बोटीतलं बोट



मागच्या उन्हाळ्यात लेकीकडे शिकागोला गेले होते, हे तुम्हाला माहीत आहेच. तिथली एक गोष्ट लिहायची राहिली होती. लिहू की नको, यातच अख्खा चौमासा गेला.

आमच्या शिरूर कासारला पाणी म्हणजे एक तर टँकरचं, नाहीतर सिंदफणेला अचानक आलेलं. मधलं काही नाही. तिथल्या मुलीने शिडाची बोट चालवायला शिकावी, हे मला पटेना. "अगं, गाडी चालवतेस ना, पुरे की!" पण तिने मिशिगन सरोवरावर कीलबोटीचा कोर्स केलासुद्धा होता. सरोवर म्हणायचं, पण पलीकडचा काठ दिसत नाही. सगळ्यात खोल जागी 281 मीटर पाणी.

कील म्हणजे बोटीच्या पोटाखालचं जड पातं, शिशाचं नाहीतर लोखंडाचं. वाऱ्याने बोट कलली की ते वजन तिला सरळ करतं, आणि पातं तिला आडवी सरकू देत नाही. मी बी.कॉम., मला ते राखीव निधीसारखं वाटलं. एरवी दिसत नाही, अडचणीत कामाला येतं. लेक हसली. दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले ती गोव्यात बांधलेली 'म्हादेई' अशीच कीलवाली, आणि 2017-18 मध्ये नौदलाच्या सहा मुली 'तारिणी'तून जग फिरून आल्या, हेही तिनेच ऐकवलं. मला गप्प करायला.

एका संध्याकाळी सराव होता, मलाही नेलं. चौविहार असल्याने आधी डबा हातात घेतला. जूनमध्ये तिथे साडेआठपर्यंत उजेड असतो, म्हणून बरं. अप्काय जीवांची विराधना होणार, ही टोचणी होतीच. पाणी गाळून पिणारी बाई, आणि चालली त्यात शीड हाकायला! लेकीने माझं लाइफजॅकेट स्वतः आवळलं, पट्टे ओढून पाहिले, मग हवामानाचा अंदाज पुन्हा वाचला. वारा वाढण्याआधीच शीड लहान करून ठेवलं.

बेलमाँट हार्बरच्या बाहेर आल्यावर तिने एक उशी पाण्यात फेकली. माणूस पडलाय असं समजायचं. बोटीला ब्रेक नसतो. ती आधी थोडी दूर न्यायची, वळवायची आणि वाऱ्याकडे तोंड करत, शीड सैल सोडून, माणसाशेजारी थांबवायची. तेवढ्या वेळात एकाचं काम एकच: पडलेल्याकडे बोट रोखून ठेवायचं आणि नजर क्षणभरही हलवायची नाही. लाटांत डोकं नारळाएवढं दिसतं. नजर चुकली की सापडत नाही.

"आई, तू बोट दाखव."

माझं माहेरही सिंदफणेच्या काठचंच. मी नऊ वर्षांची असताना माझा भाऊ डोहात गेला. तो बारा वर्षांचा. काठावर मी एकटी. एकदा वर आलेला पाहिला आणि मी वळून गावाकडे धावत सुटले. माणसं आली, विचारलं, "कुठं?" मला सांगता येईना. डोह सगळीकडे सारखाच. घरात मला कुणीही बोल लावला नाही, आईने तर कधीच नाही. पण इतकी वर्षं प्रतिक्रमणाला बसले की पहिल्यांदा तोच प्रश्न कानात येतो.

मी उठून उभी राहिले, एका हाताने दोर धरला, दुसरा हात उशीकडे. बोट वळली, शीड फडफडलं, डोक्यावरून आडवी काठी गेली, मला वाका म्हणाले, वाकले. नजर नाही काढली. पहिल्या खेपेला लेकीची बोट वेगात पुढे निघून गेली. दुसऱ्याला उशी हाताच्या अंतरावर आली आणि जावयांनी ती काढून घेतली.

"आई, हात खाली घे आता."

लेकीला मामाबद्दल फक्त फोटोपुरतं माहीत होतं. परत येताना सांगितलं तिला. ती टिलर धरून ऐकत होती, काही बोलली नाही. मग तिने ती उशी पुन्हा पाण्यात टाकली.

सूर्य मावळायला वीस मिनिटं असताना धक्क्याला लागलो. ती दोर बांधेपर्यंत मी तिथेच बसून खाकरे खाल्ले आणि पाणी प्यायले.