‘म्हणजे तू पोलीस होणार का?’

‘क्रिमिनॉलॉजी’ हा शब्द घरात उच्चारला की हमखास दोन प्रश्न येतात. पोलिसात जाणार का? आणि यात नोकरी कुठं मिळते? तुमच्या घरातलं कुणी बारावीला असेल आणि रात्री उशिरापर्यंत परदेशी विद्यापीठांची माहिती मोबाइलवर चाळत असेल, तर हे प्रश्न तुम्हीही विचाराल. जरूर विचारा. मी इंदूरची. २०१६ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरला ही पदवी करायला गेले, त्याआधी वर्षभर आमच्याकडे जेवताना दुसरा विषयच नव्हता. कर्जासाठी बाबांनी घर तारण ठेवलं होतं. विचारायचा हक्क त्यांना होताच.

एक गैरसमज आधीच दूर करते. टीव्हीवर हातमोजे घालून रक्ताचे नमुने गोळा करतात ना, ते फॉरेन्सिक सायन्स. त्याला रसायनशास्त्र, जीवशास्त्र लागतं. क्रिमिनॉलॉजी समाजशास्त्राच्या घरातली. गुन्हा कशाला म्हणायचं हे कोण ठरवतं, माणसं तिकडे का वळतात, शिक्षेनं नेमकं काय साधतं, हे तिचे प्रश्न. तीन वर्षांत मी मायक्रोस्कोप एकदाही पाहिला नाही. निबंध मात्र ढिगानं लिहिले, आणि गाइड वगैरे काही नसतं बरं का!

गंमत म्हणजे याच लेस्टरच्या विद्यापीठात १९८४ मध्ये ॲलेक जेफ्रीज यांनी डीएनए फिंगरप्रिंटिंगचा शोध लावला. शहराजवळच्या गावांत १९८३ आणि १९८६ मध्ये दोन शाळकरी मुलींचे खून झाले. त्यातल्या एका खुनाची कबुली सतरा वर्षांच्या एका मुलानं दिली होती. डीएनए तपासल्यावर कळलं, दोन्ही कृत्यं एकाच माणसाची आहेत आणि तो माणूस हा मुलगा नव्हे. खरा गुन्हेगार कॉलिन पिचफोर्क. त्याला १९८८ मध्ये जन्मठेप झाली. म्हणजे या तंत्रानं आधी एका निरपराध मुलाला सोडवलं आणि मग गुन्हेगार पकडला. पण न केलेल्या खुनाची कबुली कुणी देतंच का? याचं उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही. आमचा अभ्यास तिथून सुरू व्हायचा.

पहिल्या वर्षी आकडेवारी होती. पोलिसांच्या दप्तरातले गुन्हे आणि प्रत्यक्षात घडलेले गुन्हे यांत मोठं अंतर असतं, म्हणून तिथं १९८२ मध्ये थेट लोकांच्या घरी जाऊन विचारायची पाहणी सुरू झाली. मला आमच्या मामाची आठवण झाली. त्याच्या तीन सायकली चोरीला गेल्या, तक्रार एकीचीही नाही. ‘कोण खेटे घालणार,’ म्हणायचा.

दुसऱ्या वर्षी हॉवर्ड बेकर यांचं ‘आउटसायडर्स’ वाचायला लागलं. एखाद्यावर समाज शिक्का मारतो आणि मग त्या माणसाला त्या शिक्क्यासकट जगावं लागतं, असा त्यातला विचार. आपापल्या देशातलं उदाहरण आणा, असं बाईंनी सांगितलं. मी १८७१ चा क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट नेला. पारधी, कंजर, सांसी अशा कितीतरी जमाती या कायद्याखाली जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या गेल्या. हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापुरात त्यांच्यासाठी वसाहत होती. १९५२ मध्ये कायदा गेला, शिक्का राहिला. ज्यांच्या राज्यात हा कायदा झाला, त्या देशातल्या माझ्या वर्गमित्रांनी त्याचं नावही ऐकलं नव्हतं.

पण मी तरी कुठल्या तोंडानं बोलणार होते? आमच्या घरात ‘कंजर’ ही शिवीच होती. आम्ही मातीत लोळून आलो की आजी हटकून म्हणायची. त्या रविवारी फोनवर तिला सगळं सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, ‘आमच्या लहानपणापासून तेच म्हणतात गं.’ आता तो शब्द ती माझ्यासमोर वापरत नाही. माझ्यामागे वापरते, असं भाऊ सांगतो.

आता पैशाचं बोलू. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं. मी बेलग्रेव्ह रोडवरच्या एका गुजराती मिठाईच्या दुकानात होते. त्यातून भाजीपाला आणि बसभाडं निघायचं, फी नाही. आमच्या वेळी पदवीनंतर नोकरी शोधायला जेमतेम चार महिने मिळत. २०२१ पासून दोन वर्षं मिळू लागली, पण ती मुदत आता दीड वर्षावर येते आहे. ताजा नियम सरकारी संकेतस्थळावरच पाहा, एजंटच्या तोंडून नको. तिथल्या पोलिसात भरती व्हायचं तर देशात राहण्यावर कसलंही बंधन असून चालत नाही, म्हणजे विद्यार्थी व्हिसावाल्यांना ते दार बंद. इथं आयपीएस व्हायचं असेल तर कुठलीही पदवी चालते, त्यासाठी पौंड मोजायची गरज नाही.

मी २०१९ मध्ये परतले, तीन वर्षांचं एलएलबी केलं आणि आता कच्च्या कैद्यांच्या जामिनाची कामं करते. आपल्या तुरुंगांतल्या दर चार कैद्यांपैकी जवळपास तिघांचा खटला अजून निकाली निघालेला नाही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत, पहिल्यांदाच आरोपी झालेल्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला सोडायची तरतूद आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले त्यात येत नाहीत. त्यामुळे माझा निम्मा दिवस तारखा मोजण्यात जातो. पगार चुलतभावाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. कर्जाचे हप्ते चालू आहेत आणि बाबा दर पाच तारखेला, काही न बोलता, मोबाइलवर बँकेचा मेसेज बघतात.

गेल्या महिन्यात शेजारची मुलगी आली. ‘ताई, मलाही हेच करायचंय.’ मी तिला फॉर्म दाखवले नाहीत, एक दिवस जिल्हा न्यायालयात माझ्याबरोबर बसवलं. संध्याकाळी रिक्षात ती बराच वेळ बाहेर बघत होती. मग विचारलं, ‘त्या हिरव्या शर्टवाल्याला भेटायला कुणीच का नव्हतं आलं?’