माझें पहिलें पोलकें

गेल्या दिवाळीच्या सुटींत मीं घरीं एक पोलकें शिवलें. बाजारांत तयार पोलकीं मिळतात आणि आमच्या मूल गांवांत शिंपीही पुष्कळ आहेत. परंतु या पोलक्याचें कापड बाजारांतलें नव्हतें. तें आजीच्या कोशाच्या लुगड्याचें होतें. लुगडें मध्यें विरलें होतें. पदराकडचा सव्वा वार तेवढा धड राहिला होता.

कोसा म्हणजे आपल्या रानाचें रेशीम. ऐन व अर्जुन या झाडांच्या पाल्यावर त्याचे किडे वाढतात, त्यांचे कोष सोड्याच्या पाण्यांत उकळून धागा काढतात, आणि आरमोरी, नागभीड या बाजूस तो मागावर विणला जातो. रंग न देतांही त्याला मधासारखी छटा असते. हें कापड दिसावयास राजस, पण त्याचे धागे कडेनें फार लवकर सुटतात. ही गोष्ट मला ठाऊक होती. कापतेवेळीं मात्र आठवली नाहीं.

आजी चोळी बेतते ती टेपावांचून. वीत आणि बोटें हेंच तिचें माप. तिचे तुकडे बहुतेक सरळ, चौकोनी वा त्रिकोणी. घडीवर घडी घालून कापलें कीं चिंधी म्हणून उरत नाहीं, आणि पुढें गांठ मारली कीं गुंडीही लागत नाहीं. मला मात्र नवें शिकावयाचें होतें: वर्तमानपत्राच्या कागदावर आराखडा, गोल मुंढा, पुढच्या भागास टक्स, गळ्याला उरेब पट्टी. उरेब पट्टीची गंमत अशी कीं, कापड उभ्या-आडव्या धाग्यांना तिरकें कापलें म्हणजे तें ताणलें जातें, आणि म्हणून गळ्याच्या वळणावर सुरकुती न पडतां बसतें. शेजारच्या काकूंकडचें हातानें फिरवावयाचें शिवणयंत्रही मिळालें. १८४६ सालीं अमेरिकेंत इलायस हो यानें ज्या यंत्राचें पेटंट घेतलें, त्यांत सुईचें नेढें टोकापाशीं होतें. हातसुईचें तें मागें असतें. आजीला हा फरक दाखविला तेव्हां ती सुई डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहत होती.

कागद ठेवला, खडूनें रेघ ओढली, आणि त्या रेघेवरच कात्री चालविली. आजीनें तुकडा उचलून विचारलें, “पोरी, याले माया कोठी ठेवली तू?”

शिवणीसाठीं कडेला जें अधिक कापड राखतात त्यास आपल्या भाषेंत माया म्हणतात. हें नांव कोणी ठेवलें कोण जाणे! माझ्या तुकड्यांना ती मुळींच नव्हती. शिवलें तर अंगाला आवळणार, ठेवून दिलें तर धागे सुटत जाणार. लुगडें आजीला तिच्या आईनें दिलेलें. मी रडूं लागलें. आजी रागावली नाहीं; पण पुष्कळ वेळ बोललीही नाहीं, आणि तें मला रागावण्याहून जड गेलें.

मग तिनें उरलेल्या पदरांतून तळहाताएवढे दोन चौकोन कापले व काखेंत कोनावर बसविले. यास ती चौबगला म्हणते. चौकोनाच्या दोन बाजू बाहीस व दोन अंगास जोडल्या कीं तेथें जागा होते व हात मोकळेपणानें वर जातो. दोन्ही कुशींना काठाच्या पट्ट्या लावून रुंदी भरून काढली. प्रत्येक शिवण दोनदां घातली, प्रथम सुलट बाजूनें व मग कापड उलटून, म्हणजे सुटलेले धागे आंत दडले. यंत्रावरचें काम माझें, तुरपाई आजीची. तीन दिवस लागले.

पोलकें अगदीं नीट झालें आहे असें नाहीं. डावी बाही अर्ध्या इंचानें लांब आहे, आणि एक टक्स जरा वर सरकला आहे. स्नेहसंमेलनांत तें घातलें तेव्हां काठाच्या पट्ट्या मुद्दाम लावल्या असें समजून मैत्रिणींनीं शिंप्याचें नांव विचारलें. मीं आजीचें सांगितलें.

परवां आजीनें खणाचा एक तुकडा माझ्यापुढें ठेवला आणि विचारलें, “तुझे ते टक्स याले बसतीन काय?” मीं खडू घेतला, रेघ ओढली, आणि तिच्या बाहेर दोन बोटें सोडून दुसरी रेघ ओढली.