तिसरं वाक्य

डेल्फीच्या अपोलो मंदिरावर कोरलेलं 'स्वतःला ओळख' हे वाक्य आता कुठेही भेटतं. शिबिरांत, कॅलेंडरांवर, सकाळी मोबाइलवर येणाऱ्या सुप्रभात संदेशांतही. त्याच्या जोडीचं 'अति काहीच नको' हेही अनेकांना माहीत असतं. तिसरं मात्र फारसं कुणी सांगत नाही. त्याचा अर्थ असा, की जामीन राहशील तर संकट ओढवून घेशील.

प्लेटोच्या 'कार्मिडीझ' या संवादात ही तिन्ही वाक्यं एकत्र येतात. तिथे क्रिटियस म्हणतो, की पहिलं वाक्य हा उपदेश नाहीच, दारात आलेल्या माणसाला देवाने केलेलं ते अभिवादन आहे. पुढच्या लोकांना तो सल्ला वाटला, म्हणून त्यांनी आणखी दोन सल्ले पदरचे जोडले. थोडक्यात, तिसरं वाक्य म्हणजे व्यवहारी माणसांनी देवाच्या बोलण्यात घातलेली भर.

हे वाचताना मी थांबले, कारण आमच्या घरात हे तिसरं वाक्य सगळ्यांना पाठ होतं. मी सातवीत असताना बाबा कचेरीतल्या एका मित्राच्या कर्जाला जामीन राहिले. पगारदारांची पतसंस्था होती, दोन जामीनदार लागत. वर्षभरात मित्राने नोकरी सोडली, गाव सोडलं आणि बाबांच्या पगारातून कपात सुरू झाली. ती तीन वर्षांहून जास्त चालली. लग्नकार्यात, बारशात, कुठेही गेलो तरी कुणी ना कुणी बाबांकडे बघून म्हणायचंच, "सही करताना माणूस ओळखायला नको?"

पुढे मी कमावती झाल्यावर एकदा त्यांना हेच विचारलं. ते म्हणाले, "त्याला ओळखत होतो म्हणून तर आधी रक्कम विचारली. सगळी माझ्यावर आली तर फेडता येईल का, ते बघितलं. येईल असं वाटलं, मग सही केली."

नातेवाईकांना वाटायचं, बाबांचा मित्राबद्दलचा अंदाज चुकला. पण त्यांनी अंदाज घेतला होता तो स्वतःचा. आपण किती ओझं उचलू शकतो आणि ते अंगावर आलं तर आपण पळून जाणार नाही, या दोन गोष्टी त्यांना माहीत होत्या. आत्मज्ञान म्हणजे डोळे मिटून आत बघणं, असं आपण धरून चालतो. डेल्फीच्या वाक्याचा जुना ग्रीक अर्थ याहून साधा होता: तू माणूस आहेस, देव नाहीस, आपली मर्यादा ओळखून राहा. बाबांनी ती मर्यादा रुपयांत मोजली होती.

जामिनाची गोष्ट सॉक्रेटिसच्या आयुष्यातही आहे, तीही अगदी शेवटी. इ. स. पूर्व ३९९ मध्ये अथेन्सच्या न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं. आता शिक्षा कोणती हवी, ते त्यानेच सुचवायचं होतं. तो म्हणाला, मला १ मिना दंड परवडेल. मग मित्रांच्या सांगण्यावरून त्याने ती रक्कम ३० मिना केली. प्लेटो, क्रिटो, क्रिटोब्युलस आणि अपोलोडोरस हे चौघे जामीन राहायला तयार होते. १ मिना म्हणजे १०० द्राख्मा आणि कसबी कारागिराची दिवसाची मजुरी साधारण १ द्राख्मा. म्हणजे आठ वर्षांहून अधिक काळाची कमाई. न्यायालयाने दंड नाकारला आणि मृत्युदंड दिला. पण डेल्फीचा तो इशारा ठाऊक असलेल्या समाजातच हे चौघे पुढे आले होते.

ॲरिस्टॉटलच्या 'निकोमाकियन एथिक्स'चे १० भाग आहेत, त्यातले आठवा आणि नववा मैत्रीवर आहेत. चांगलं जगणं म्हणजे काय, हे सांगायला बसलेल्या माणसाने एवढी जागा मैत्रीला दिली. त्याचं एक कारण असं, की आपल्याला स्वतःच्या कृतींपेक्षा दुसऱ्याच्या कृती अधिक नीट दिसतात. म्हणून चांगलं जगू पाहणाऱ्यालाही मित्र लागतो. हे वाचल्यावर मला तिसरं वाक्य पहिल्याची परीक्षा वाटायला लागलं. मी कोण आहे, हे एकटं बसून ठरवणं सोपं. दुसऱ्यासाठी कागदावर सही करायची वेळ आली, की ते खरं कळतं.

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं, पण आई थांबू देत नाही. बाबांचं उत्तर मी तिला मोठ्या कौतुकाने सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्यांना झेपलं. तीन वर्षं महिन्याच्या वीस तारखेनंतर घर कसं चाललं, ते मला विचार." दुकानदाराकडची उधारी तिच्या नावावर होती. मापात तिला धरलंच नव्हतं.

सॉक्रेटिसलाही तीन मुलगे होते, त्यातले दोन अगदी लहान. तुरुंगातून पळून जा असं विनवताना क्रिटो त्याला या मुलांची आठवण करून देतो. सॉक्रेटिस ऐकतो, पण त्याचा निर्णय बदलत नाही. त्यामागची त्याची कारणं मला पटतात. तरी झांथिपीला कुणी विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती, ते प्लेटोने लिहिलेलं नाही. आईचं म्हणणं तेवढं मी इथे लिहून ठेवते आहे.