केसांचा ताळेबंद

व्यापारी घरातील मुलाला हिशेब वेगळा शिकवावा लागत नाही. एका दिवसाचा गल्ला भरघोस झाला म्हणून धंदा वाढला असे कोणी म्हणत नाही आणि पावसामुळे एक दिवस गिऱ्हाईक फिरकले नाही म्हणून कोणी दुकानाला कायमचे कुलूप लावीत नाही. रोजमेळ रोज लिहिला जातो. निर्णय मात्र ताळेबंद पाहून होतो. हे शहाणपण ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या मुरले आहे, त्याच घरांतील माणसे न्हाणीघराच्या जाळीवर अडकलेले केस पाहून एका सकाळीत हवालदिल होतात.

नाशिकच्या इंदिरानगरात राहणाऱ्या आणि मेन रोडवर दुकान सांभाळणाऱ्या एका कुटुंबातील २८ वर्षांच्या मुलाचे असेच झाले. कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकू लागले होते, टाळूवर विरळपणा दिसत होता. घरात लग्नाची बोलणी सुरू होती. जॉगिंग ट्रॅकवर तो भर उन्हाळ्यातही टोपी घालून जाई आणि बायोडेटासाठी दोन वर्षांपूर्वीचाच फोटो पुढे करी. त्वचारोगतज्ज्ञांनी त्याला मिनॉक्सिडिल हे डोक्याला लावायचे औषध दिले. पाचव्या आठवड्यात कंगव्यात पूर्वीपेक्षा अधिक केस येऊ लागले. तो रोज सकाळी केस मोजून कागदावर आकडा टिपू लागला. एके दिवशी साठ, दुसऱ्या दिवशी एकशे दहा. सातव्या आठवड्यात त्याने औषध बंद केले आणि मावशींनी सुचविलेले महागडे तेल आणले.

वडिलांना हे कळले तेव्हा ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “अरे, आरंभीची शिल्लक कुठे लिहिली आहेस?” मुलाकडे उत्तर नव्हते. औषध सुरू केले त्या दिवसाचा एकही फोटो घरात नव्हता. वाढ की घट, हे ठरवायला आधारच नव्हता.

केसांचा व्यवहार मुळातच संथ असतो. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि त्यांतले रोज पन्नास ते शंभर गळणे स्वाभाविक आहे. प्रत्येक केस काही वर्षे वाढतो, नंतर सुमारे तीन महिने विश्रांती घेतो आणि गळतो. वाढीचा वेग महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर. मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर विश्रांतीतले केस नव्या केसांना जागा देण्यासाठी लवकर गळू शकतात. म्हणून पहिल्या दोन महिन्यांत दिसणारी गळती पुष्कळदा तोट्याची नव्हे, मालाच्या अदलाबदलीची असते. उपयोग दिसायला चार ते सहा महिने लागतात आणि खरा निवाडा वर्षाअखेरीसच करता येतो. हे औषध मूळचे रक्तदाबावरचे. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागल्याने त्याचा हा गुण ध्यानात आला आणि १९८८ साली अमेरिकेत टकलावरील उपचार म्हणून त्याला मान्यता मिळाली.

डॉक्टरांच्या सल्ल्याने मुलाने औषध पुन्हा सुरू केले, तेव्हा वडिलांनी त्याला वही घालून दिली. दर तीन महिन्यांनी ठरलेल्या तारखेला पाच फोटो काढायचे: समोरून, दोन्ही बाजूंनी, वरून आणि मागून. खोली तीच, दिवा तोच, अंतर तेच. त्यासाठी फरशीवर खडूने खूण केली. केस धुऊन पूर्ण वाळलेले, तेल न लावलेले, दर वेळी तेवढेच कापलेले आणि भांग त्याच बाजूला. ओल्या केसांत टाळू अधिक दिसते, तिरप्या उजेडात कमी. मालमोजणीचे माप बदलले की नफा-तोटाही खोटा ठरतो, तसेच हे. फोटो बहिणीने काढायचे, कारण स्वतः काढताना हात नकळत सोयीचा कोन शोधतो. रोजची मोजणी बंद झाली. त्याऐवजी महिन्यातून तीन वेळा, न्हाण्यापूर्वी फिकट कापडावर एक मिनिट केस पुढे विंचरून पडलेले केस मोजायचे आणि सरासरी लिहायची. एका वेळी एकच उपचार बदलायचा, नाहीतर जमा कोणत्या खात्यावर टाकायची?

खाते चुकण्याचा हा दोष स्त्रियांच्या बाबतीत अधिक घडतो. बाळंतपणानंतर किंवा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस भराभर गळतात आणि बहुधा काही महिन्यांत आपोआप सावरतात. श्रेय मात्र त्या दिवसांत घरात आलेल्या तेलाला मिळते. अशा वेळी भांगाच्या रुंदीचे फोटो आणि आजारपणाची तारीख वहीत असली, तर पैसा वाचतो.

मात्र प्रत्येक गळतीला तिमाहीची वाट पाहायची नसते. २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत माणसांना आधी डोक्यात खाज सुटली आणि थोड्याच दिवसांत टक्कल पडले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पथकाने तेथे नमुने गोळा केले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतंत्र तपासणी करून रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखविले. तेथे प्रश्न आरशाने नव्हे, प्रयोगशाळेने हाताळायचा होता. गळती एकाएकी सुरू झाली, चकत्या पडल्या, खाज वा जखमा असल्या, तर फोटोंची वही बाजूला ठेवून त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे.

इंदिरानगरच्या त्या मुलाने वर्ष पुरे झाल्यावर वीस फोटो आणि पहिल्या दिवसाचे पाच शेजारी मांडले. टाळूवर दाटपणा आला होता. कपाळाचे कोपरे भरले नव्हते. पण मागेही सरकले नव्हते. घट थांबणे हाही उतरत्या बाजारात नफाच असतो, हे त्याला समजावून सांगावे लागले नाही. औषध सोडले तर मिळविलेले काही महिन्यांत जाईल, हेही त्याने डॉक्टरांकडून समजून घेतले आणि वर्षाचा खर्च मांडून ते चालू ठेवायचे ठरविले. तेलाचे खाते बंद केले. मग बायोडेटावरचा जुना फोटो काढून, वहीतला सर्वांत अलीकडचा, समोरून काढलेला फोटो त्याने तेथे लावला.