सूर्यपूजकांच्या खोऱ्यांत एक दिवस

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यास समांतर अशी आंडीज पर्वताची जी अफाट रांग पसरलेली आहे, तिच्या कुशींत पेरू देशांतील कुस्को हें नगर वसलें आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारें ११,१०० फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहूनही किंचित् अधिक. पंधराव्या शतकांत येथून इंका राजांनीं ज्या साम्राज्याचा विस्तार केला, तें आजच्या कोलंबियाच्या दक्षिण सीमेपासून चिली देशाच्या मध्यापर्यंत पोंचलें होतें. एवढें राज्य चालविणाऱ्या या लोकांस लोखंड ठाऊक नव्हतें, गाडीचें चाक ठाऊक नव्हतें, घोडा व बैल ठाऊक नव्हते, आणि लिपीही ठाऊक नव्हती. यांपैकीं शेवटची गोष्ट आमच्यासारख्या, सारा जन्म हातांत खडू घेऊन फळ्यापुढें काढलेल्या मनुष्यास विशेष नवलाची वाटते. आणि तिच्यासाठींच हा लेख लिहावयास आम्ही प्रवृत्त झालों आहों.

कुस्कोस उतरल्याबरोबर पहिला परिचय होतो तो विरळ हवेचा. चार पायऱ्या चढलें कीं धाप लागते व मस्तक जड होतें. या विकारास तिकडे 'सोरोचे' म्हणतात आणि त्यावर कोका नांवाच्या झुडपाच्या पानांचा काढा देतात. दोन दिवस स्वस्थ पडून राहिल्यावर तिसऱ्या दिवशीं सकाळीं सात वाजतां दहा-बारा प्रवाशांसह एका लहान मोटारींतून आम्ही निघालों. त्या वेळीं आपल्याकडे सायंकाळचे साडेपांच वाजून गुरें घराकडे वळत असतील. महिना जूनचा, परंतु विषुववृत्ताच्या बऱ्याच दक्षिणेस असल्यामुळें तेथें तो ऐन हिंवाळा. भर दुपारींही सूर्य उत्तरेकडे इतका कललेला असतो कीं, आपली सावली दक्षिणेस पडते.

आमच्या बरोबरची वाटाडी तिशीच्या आंतबाहेरची एक स्थानिक स्त्री होती. तिची मातृभाषा केचुआ, म्हणजे इंकांच्या राज्यकारभाराचीच भाषा. स्पॅनिश व इंग्रजीही तिला उत्तम येत होती. आमचें वय पाहून ती आम्हांस 'तायता' म्हणूं लागली. तायता म्हणजे वडील. आमच्या कानांस अर्थातच 'तात' शब्द ऐकूं आला. असल्या साम्यांवरून इंका लोक मूळचे भरतखंडांतले, असें ठरविण्याचा मोह आपल्याकडे कित्येकांस झालेला आहे. परंतु आईबापांचीं नांवें बहुतेक भाषांत मुलांच्या पहिल्या बोबड्या अक्षरांतूनच निघतात. तेवढ्यावरून नातें जोडणें शास्त्रास धरून नाहीं. इंकांचें कर्तृत्व हें इंकांचेंच आहे, आणि त्याचें श्रेय त्यांच्याच पदरीं टाकणें हा न्याय होय.

तासाभरानें घाट उतरून आम्ही उरुबांबा नदीच्या खोऱ्यांत आलों. 'पवित्र खोरें' या नांवानें तें प्रसिद्ध आहे. प्रथम लागतें तें पिसाक. डोंगराच्या उभ्या उतारावर कड्यांस बिलगून शेतांच्या पायऱ्या अशा कांहीं रचल्या आहेत कीं, जणूं एखाद्या राक्षसी घाटाच्या पायऱ्याच. आपल्या कोंकणांतही डोंगरउतारावर दगडी बांध घालून शेत करितात. पण येथील योजना अधिक खोल आहे. प्रत्येक पायरीच्या पोटांत तळाशीं मोठे दगड, त्यांवर खडी, त्यावर वाळू व सर्वांवर खालून वाहून आणलेली सुपीक माती. पाऊस कितीही पडो, पाणी तुंबत नाहीं व भिंत फुगत नाहीं. भिंतींचे दगड दिवसा ऊन पितात आणि रात्रीं ती ऊब पिकाच्या मुळांस देतात, त्यामुळें हिमाचा तडाखा कमी बसतो. माथ्यावर सूर्याचें देवस्थान आहे. त्याचे दगड एकमेकांस असे तंतोतंत बसविले आहेत कीं, मध्यें चुना नाहीं व फटही नाहीं. समोरच्या कड्यांत मधमाशांच्या पोळ्यासारखीं असंख्य छिद्रें दिसतात. तीं मृतांचीं स्थानें असून द्रव्यलोभी लोकांनीं तीं पूर्वींच लुटलीं आहेत.

दुपारचें भोजन उरुबांबा गांवीं झालें. बसण्यापूर्वीं आमच्या वाटाडीनें पेयाचे चार थेंब भूमीवर सांडले. 'पाचामामा', म्हणजे धरित्री माता, तिला अगोदर दिल्यावांचून कोणी घेत नाहीं, असें ती म्हणाली. चित्राहुति घालूनच घांस उचलणाऱ्या घरांत वाढलेल्या आम्हांस हें मुळींच परकें वाटलें नाहीं. आम्ही शाकाहारी, म्हणून पुढें आले ते नानाविध बटाटे: पिवळे, तांबडे, जांभळे, आणि चुन्यो नांवाचे वाळविलेले. हे शेवटचे रात्रीच्या हिमांत गोठवून, दिवसा उन्हांत टाकून व पायांनीं तुडवून करितात आणि ते वर्षानुवर्षें टिकतात. बटाट्याची लागवड मनुष्यानें प्रथम केली ती याच पर्वतांत, कित्येक सहस्र वर्षांपूर्वीं. आपल्या एकादशीचें ताट वाचकांनीं क्षणभर डोळ्यांपुढें आणावें. बटाटा, रताळें, शेंगदाणे, मिरची, आणि ज्या कंदापासून हल्लीं साबुदाणा होतो तो कंद, हीं सर्व अमेरिका खंडाचीं अपत्यें. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण ज्यांच्या बळावर खरी ठरते, त्यांचें माहेर हें असें आहे!

तेथून आम्ही ओयांतायतांबो येथें गेलों. गांवाच्या गल्ल्या इंकांनीं आंखल्या त्याच आहेत. त्यांच्या पाटांतून पाणी अजून खळखळतें आणि त्यांच्या जोत्यांवर लोक अजून नांदतात. वरच्या टेंकडीवर गुलाबी छटेच्या पाषाणाच्या सहा प्रचंड शिळा ओळीनें उभ्या आहेत. त्यांची खाण नदीपलीकडील डोंगरांत, तीन-चार मैलांवर. ना चाक, ना बैल. केवळ दोर, उतरण व मनुष्यबळ यांवर त्या नदी ओलांडून येथें चढविल्या. कांहीं शिळा वाटेंतच राहिल्या आहेत. लोक त्यांस 'थकलेले दगड' म्हणतात. हें देवालय अपुरेंच राहिलें.

स्पॅनिश लोकांनीं १५३२ सालीं आताहुआल्पा राजास कपटानें पकडलें व अपरिमित सोनें घेऊनही पुढील वर्षीं ठार मारिलें. त्यानंतर मांको इंका यानें बंड उभारलें आणि १५३७ सालीं याच पायऱ्यांवरून दगडबाणांचा वर्षाव करून व खालच्या मैदानांत नदीचें पाणी सोडून स्पॅनिश घोडेस्वारांस माघार घ्यावयास लाविलें. जय झाला, पण राज्य वांचलें नाहीं. मांको अरण्यांत गेला. १५७२ सालीं शेवटचा इंका तुपाक आमारू याचा कुस्कोच्या चौकांत शिरच्छेद झाला.

टेंकडीवर विसांवा घेत असतां वाटाडीनें पिशवींतून दोऱ्यांचा एक गुच्छ काढला. एका आडव्या दोरीस पुष्कळ उभे दोरे व त्यांवर गांठी. हा 'किपू'चा नमुना. लिपी नसलेल्या या राज्याचे हिशेब अशा गांठींत असत. वरच्या गांठी शतकांच्या, मधल्या दशकांच्या, खालच्या एककांच्या, आणि जेथें शून्य तेथें जागा रिकामी. लोक नांवाच्या अमेरिकन पंडितानें १९१२ सालीं ही रीति उलगडून दाखविली. स्थानावरून अंकाची किंमत ठरविण्याची जी युक्ति आपल्या पूर्वजांनीं योजिली, ती या लोकांनीं स्वतंत्रपणें दोऱ्यांत गोंविलेली पाहून आम्ही थक्क झालों.

"आणि इतिहास? कथा?" आम्हीं विचारलें.

"तायता, त्याही कांहीं दोऱ्यांत होत्या असें म्हणतात," ती म्हणाली. "पण त्या वाचणारा आज कोणी नाहीं. वाचणारे मेले, आणि त्यांनीं कोणास शिकविलें नव्हतें."

हें उत्तर आम्हांस फार लागलें. विद्या लिहिल्यावांचून टिकत नाहीं, असें सामान्यतः मानितात. परंतु आपला वेद हजारों वर्षें मुखानेंच चालत आला. पद, क्रम, घन इत्यादि पाठांनीं एक स्वरही ढळूं दिला नाहीं. म्हणजे लेखन हें मुख्य नव्हे, गुरु आणि शिष्य यांची सांखळी मुख्य. ती तुटली कीं दोऱ्यांची गति तीच पोथीची. आपल्या जुन्या घरांत माळ्यावर रुमालांत बांधलेलीं मोडी दप्तरें पडलेलीं असतात. पणजोबांच्या हातचें तें अक्षर घरांतील कितीजणांस लागतें? अक्षरें शाबूत आहेत, शाई शाबूत आहे. परंतु त्या घरापुरता तो किपूच झाला. भेद इतकाच कीं, किपूची किल्ली हरवली आहे आणि मोडीची अजून हरवलेली नाहीं. ती जाणणारे वृद्ध आज आहेत; तोंवर शिकणें हें तरुणांच्या हातीं आहे.

परततांना चिंचेरो येथें थांबलों. तेथें इंकांच्या भिंतींवरच स्पॅनिशांनीं चर्च उभारलें आहे; खालीं एक धर्म, वर दुसरा. अंगणांत बायका लोंकर रंगवून विणीत होत्या. निवडुंगावरील किडा चुरडून केलेला त्यांचा तांबडा रंग कुंकवासारखा खुलतो. वाटाडीनें सांगितलें कीं, तिच्या आईनें शहरांत लोक हंसतील या भयानें मुलांशीं केचुआ बोलणें सोडलें होतें. ती भाषा ती स्वतः शिकली ती आजीपाशीं. पेरू सरकारनें १९७५ सालीं केचुआस राजभाषेचा मान दिला, आणि २०१७ सालच्या शिरगणतींत ३७ लक्षांहून अधिक लोकांनीं ती आपली मातृभाषा म्हणून लिहिली. तथापि मान सरकार देतें, जीभ मात्र घरच देतें.

तिचा पांच वर्षांचा मुलगा चिंचेरोस तिची वाट पाहत उभा होता. तो मोटारींत चढला आणि आईच्या सांगण्यावरून आम्हां सर्वांस अंक शिकवूं लागला: हुक, इस्काय, किन्सा. आम्हीं त्याच्यामागून ते म्हटले. चुकलों तेथें त्यानें थांबवून पुन्हां म्हणावयास लाविलें. आणि दहापर्यंत सर्व नीट म्हणून होईतों त्यानें आम्हांस सोडलें नाहीं.