कात्री, खळ आणि पळस

सातारा,
फाल्गुन शुद्ध पंचमी

चि. मंजिरीस,


तुझं पत्र पोचलं. पाडव्याच्या आत तुमच्या वृद्धाश्रमाच्या जेवणघराची मोठी भिंत सजवायची आहे, तर ‘आजी-आजोबांना जमेल असं काहीतरी सोपं’ सुचव, असं तू लिहिलंस. सोबतचे हसऱ्या सूर्याचे आणि फुलपाखरांचे छापील नमुनेही पाहिले. मंजू, ते कपाटात ठेवून दे. ते बालवाडीचे आहेत. ज्या बाईने घरभराचे कपडे बेतले, ज्या माणसाने लेथवर उभं आयुष्य काढलं, त्यांच्यापुढे आखीव फुलपाखरू ठेवलंस तर तुझं मन राखायला म्हणून ते रंगवतील, आणि दुसऱ्या दिवशी गुडघा दुखतो म्हणून खोलीतच बसतील. हात थरथरतो म्हणून नजर लहान होत नाही. हत्यारं सोपी कर, काम सोपं करू नकोस.

सुरुवात पळसापासून कर. तुमच्या मागच्या टेकडीवर आत्ता फुललेला असेल. पळस, पांगारा, काटेसावर ही आपल्याकडची झाडं पानं झडून गेल्यावर फुलतात, त्यामुळे कागदाचं झाड करताना पानांची खटपटच नाही. नुसत्या काळ्या फांद्या आणि त्यांवर फुलं. माळीमामांना सांगून एक फुललेली डहाळी आणव, टेबलावर मधोमध ठेव, आणि पहिल्या बैठकीत कात्री बाहेर काढूच नकोस. प्रत्येकाच्या हातात एकेक फूल दे आणि ते उकलू दे. मागे वळलेली एक रुंद पाकळी, बाजूच्या दोन, आणि उरलेल्या दोन एकमेकींना जोडून झालेली ती बाकदार चोच. खाली काळपट मखमली पेला. पाकळीवर बारीक रुपेरी लव असते, म्हणून पळसाचा केशरी रंग चकाकत नाही. हे एकदा बोटांना कळलं की घोटीव कागद कोणी मागणारच नाही. आपसूक सगळे क्रेप कागदाकडे वळतील.

क्रेपची गंमत त्याच्या चुण्यांत आहे. चुण्यांच्या दिशेने ओढला तर तो हलत नाही, आडवा ओढला तर ताणतो. पाकळी कापताना चुण्या उभ्या येऊ द्यायच्या, मग दोन्ही अंगठे मधोमध टेकवून पाकळी हळूच बाजूला ताणायची. तिथे खोलगटपणा येतो आणि सपाट कागदाची पाकळी होते. याला बोटांची टोकं लागत नाहीत, अंगठ्याचं पेर पुरतं. म्हणून संधिवाताने बोटं वाकलेल्या बायकाही हे काम झकास करतात. आमच्या विरंगुळा केंद्रातल्या एक काकू कपाची दांडी धरू शकत नाहीत, पण त्यांच्या पाकळ्या सगळ्यांत डौलदार असतात. पेल्यासाठी जुन्या मखमली ब्लाउजचा तुकडा वापर.

कात्री ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी स्प्रिंगची कात्री मिळते. दाबली की कापते, सोडली की आपली आपण उघडते. तीही नको असेल तर कागद फाडू दे. वर्तमानपत्राचं पान वरून खाली फाडून बघ, सरळ पट्टी निघते. आडवं फाडलंस तर वेडीवाकडी चीर जाते. कागदातले तंतू ज्या दिशेला पडलेले असतात त्या दिशेला तो सरळ फाटतो. फांद्यांना लांब पट्ट्या हव्यात, त्या उभ्या फाडायच्या. सालीचा खरबरीतपणा हवा असेल तिथे आडव्या. एक हात लुळा पडलेल्या माणसाला प्रेक्षक करून बसवू नकोस. वर्तमानपत्र चुरगाळून बुंध्याचा गाभा करायला एकच हात लागतो. कापायचंच असेल तर कागद चिकटपट्टीने टेबलाला बांध, आणि तो दुसरा हात उचलून कागदावर वजन म्हणून ठेवू दे. त्या हातालाही कामात घेतलं पाहिजे.

आता मेरी डेलानी या बाईंबद्दल लिहिते, कारण तुमच्या व्यवस्थापकांना ‘या वयात काय होणार’ असं वाटतंय ना, त्यांना हे वाचून दाखव. इंग्लंडमधल्या या बाई १७०० साली जन्मल्या. नवरा गेला आणि पुढे १७७२ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्यांच्या ध्यानात आलं की जवळ पडलेल्या कागदाचा तुकडा जिरेनियमच्या पाकळीच्या रंगाशी हुबेहूब जुळतोय. त्यांनी कात्री घेतली. खरी फांदी समोर ठेवून, रंगीत कागदाचे केसाएवढे बारीक तुकडे कापून, काळ्या कागदावर एकावर एक चिकटवत त्या फुलं करत गेल्या. पुंकेसर वेगळे, पाकळीवरच्या शिरा वेगळ्या, पानाच्या उजेडाकडच्या बाजूचा हिरवा वेगळा. दहाएक वर्षांत नऊशे पंच्याऐंशी चित्रं झाली, आणि नजर गेली तेव्हा काम थांबलं. आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये जपून ठेवलेली आहेत. फ्रान्सचा चित्रकार आंरी मातीस याचंही असंच. १९४१ च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर त्याला धड उभं राहता येईना, तेव्हा तो खुर्चीत बसून रंगवलेले कागद कापायचा आणि मदतनिसांकडून ते भिंतीवर टाचून घ्यायचा. पण मला डेलानीबाई अधिक जवळच्या वाटतात. त्यांनी कागदाचा हा उद्योग मुळात सुरूच केला म्हातारपणी.

त्यांची काळी पार्श्वभूमी मात्र तू जरूर उचल. वय झालं की डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं. निळा, जांभळा, फिकट हिरवा हे रंग एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात. केशरी, लाल, पिवळा शाबूत राहतात. शिवाय साठीतल्या डोळ्यात विशीच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड आत पोचतो. म्हणून तुझ्या नमुन्यांतल्या त्या पांढऱ्यावरच्या फिक्या गुलाबी कळ्या त्यांच्यासाठी भिंतीत विरून जातील. कुणाकडे तरी जुनी चंद्रकळा असेलच, ती माग. जेवणघराच्या भिंतीवर ती काळी साडी ताणून बसव आणि तिच्यावर पळस फुलू दे. डिस्टेंपरवर चिकटपट्टी टिकत नाही, निघताना पोपडेही घेऊन येते. साडीवर फुलं दोऱ्याच्या टाक्याने बसतात. टाका घालायला हौशी हात तुला पुष्कळ मिळतील. टाचण्या नकोत, काही जणांचं विस्मरण वाढलेलं आहे असं तूच लिहिलंयस. खळ मैद्याची शिजव, पण त्यात मोरचूद टाकू नकोस. वाळवी-कसर लागू नये म्हणून पूर्वी टाकत, पण तो विषारी आहे, आणि तुझ्याकडे कोणी बोट तोंडात घालणार नाही याची खात्री नाही.

आणि भिंतीचा दुसरा भाग चैत्रांगणासाठी मोकळा ठेव. हे मी फार विचार करून लिहितेय. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत, गौर माहेरी असते तो महिनाभर, यातल्या कितीतरी बायकांनी रोज सकाळी अंगणात रांगोळीने शंख, चक्र, कासव, नाग, तुळस, झोपाळ्यातली गौर, गाईची पावलं काढलेली आहेत. ते अंगण गेलं, आणि उकिडवं बसणंही गेलं. पण चिमटीला सगळं आठवतं. गेरूच्या रंगाचा मोठा कागद टेबलावर पसर, पांढऱ्या कागदाच्या अरुंद पट्ट्या कापून ठेव, आणि पट्टी वळवून चिकटवायला सांग. आधी ‘मला आता काय येतंय’ म्हणतील. मग एकजण कासव काढेल आणि दुसरी म्हणेल, आमच्याकडे असं नव्हतं. तिथून पुढे तू फक्त खळ पुरवायची.

एक अवघड गोष्टही सांगून ठेवते. चैत्रगौरीचं हळदीकुंकू म्हटलं की तुमच्याकडच्या निम्म्याअधिक बायका खुर्ची मागे सरकवतील. नवरा गेल्यापासून त्यांना कोणी त्या ओळीत बसवलेलं नाही. तू हळदीकुंकवाचा शब्दच काढू नकोस. नुसतं विचार, ‘तुमच्या माहेरी चैत्रांगणात झोपाळा कुठे काढायचे?’ कागदाच्या गौरीला झोपाळ्यात बसवायला कुणाचंही कुंकू तपासायचं कारण नाही, आणि पन्ह्याचा पेला सगळ्यांच्या हातात गेला पाहिजे. हे तू पुढाकार घेऊन केलंस तर मला तुझा अभिमान वाटेल. पुरुषांनाही वगळू नकोस. आमच्याकडचे निवृत्त शिंपीकाका पेन्सिलीची रेघ न मारता कागदातून एका दमात मोर कापतात. आणि तुमच्या वसईच्या मावशींना ईस्टरची पांढरी लिली करायची असेल तर काळ्या चंद्रकळेवर ती फार उठून दिसेल.

उंचीकडे लक्ष दे. आपण उभ्याने टांगतो आणि आपल्या डोळ्यांसमोर आलं की खूश होतो. तुझे लोक खुर्चीत आणि चाकाच्या खुर्चीत बसून बघणार आहेत. चित्राचा मध्य जमिनीपासून चार फुटांच्या आत ठेव, म्हणजे जेवताना मान वर करावी लागणार नाही, आणि ज्याने ती पाकळी केली त्याला हात लावून ती दाखवताही येईल.

चैत्रांगणासाठी जाड कागद लागेल. पुण्यात शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत जा. सुती चिंध्यांच्या लगद्याचा कागद तिथे १९४० पासून करतात. तो फाडला की कडेला बारीक तंतू सुटतात, गौरीच्या पदराला फार शोभतील. केशरी क्रेप मी इथून पाठवते, तुमच्या बाजारात मिळतो तो फार पिवळट असतो. तेवढी भिंतीची लांबी-रुंदी मोजून लगेच कळव, आणि किती जण हाताने काम करणार, किती जण नुसतं सांगणार तेही लिही. सांगणाऱ्यांसाठीही खुर्च्या टेबलाजवळच मांड.

तुझी,
आत्या