कोन बदलू नका, मॅडम!

लॅमिंग्टन रोड म्हटलं की आपल्याला आठवतो तो राउटर, ग्राफिक्स कार्ड, नाहीतर स्वस्तातला हेडफोन. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरायचं, थोडं चालायचं, तीन दुकानांत भाव काढायचा आणि चौथ्यात घ्यायचं, हा इथला ठरलेला फंडा. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण टॅक्सीवाल्याला तसं सांगून बघा! १९०३ ते १९०७ मध्ये मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड लॅमिंग्टन लोकांच्या तोंडून काही जायला तयार नाहीत.

या रस्त्याचं आणि आवाजाचं नातं मात्र कम्प्युटरपेक्षा जुनं. १५ ऑगस्ट १९७५ ला 'शोले' लागला आणि इथल्याच मिनर्व्हा थिएटरमध्ये वर्षानुवर्षं चालला. सत्तर एमएमचा पडदा, स्टिरिओफोनिक साउंड. जयचं नाणं खणखणलं की लोक खुर्चीखाली वाकून बघायचे, असं अजून सांगतात. मिनर्व्हा आता नाही. पण स्पीकर दुरुस्त करणारे हात आजूबाजूच्या गल्ल्यांत आहेत. रस्त्यावरून दिसत नाहीत, कारण ते बहुतेक वेळा पोटमाळ्यावर असतात.

असाच एक पोटमाळा मला सापडला तो जुलैमध्ये. लाकडी शिडी, वर सहा बाय आठची जागा, छतापासून लोंबणारे कोन. जणू कागदी टोप्यांचं दुकान. काका साठीच्या पुढचे. माझ्या हातात दहा इंची वूफरची जोडी होती आणि त्यांच्यासमोर अठरा इंची डीजेच्या स्पीकर्सची चळत. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "गणपती होऊ द्या, मग या."

धंद्याचं गणित सरळ आहे. गणपती-नवरात्राच्या सीझनमध्ये कॉइल जळतात. कारण साधं आहे. स्पीकरला दिलेल्या विजेतला अगदी थोडाच भाग आवाज होतो. घरगुती स्पीकरमध्ये तर साधारण एक टक्का. बाकीची सगळी उष्णता. त्यात अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या ताकदीपलीकडे ताणला की कॉइलचा वार्निश भाजतो आणि चिवडा जळल्यासारखा वास येतो. मग नवा कोन, नवी कॉइल, नवा स्पायडर, एका दिवसात डिलिव्हरी. जुनं सगळं कचऱ्यात. वर्षाचं भाडं निघतं ते या कामावर. विंटेज स्पीकरचं काम नेमकं उलटं आहे. तिथे जितकं कमी बदलाल तितकं चांगलं.

माझी जोडी बाबांनी १९८४ मध्ये मस्कतहून आणलेली. गिरगावातल्या दोन खोल्यांत पलंगापेक्षा जास्त मान तिला होता. आता बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आहे, भाड्याच्या फ्लॅटमध्ये जागा कमी. बाबांचा निकाल एका वाक्याचा होता: "वाजले तर नेऊ, नाहीतर भंगारवाल्याला दे." आणि ते वाजत नव्हते, फडफडत होते. ठाण्यातल्या एका चकाचक दुकानात सांगितलं होतं, जुन्यात काय ठेवलंय, नवे वूफर टाकून देतो. सप्टेंबरच्या शेवटी मी पुन्हा शिडी चढले.

काकांनी वूफरच्या कडेला फक्त बोट लावलं. काळ्या डांबरासारखा चिकट भुगा बोटाला आला. "फोम गेला. कोन ठणठणीत आहे. कोन बदलू नका, मॅडम."

हा फोमचा आजार त्या काळातल्या असंख्य स्पीकर्सना आहे. कोन आणि बाहेरची लोखंडी चौकट यांना जोडणारी जी लवचिक कड असते, ती सत्तर-ऐंशीच्या दशकात बऱ्याच कंपन्यांनी पॉलियुरेथेन फोमची केली. हलकी, मऊ, ऐकायला झक्कास. पण दमट हवेत हा फोम हळूहळू विरघळतो, वाजवा किंवा नका वाजवू. मुंबईच्या हवेबद्दल तर बोलायलाच नको. त्याहून जुन्या रेडिओंच्या स्पीकर्सना कापडाची किंवा कागदाचीच कड असायची, ती मात्र आजही टिकलेली दिसते. नवीन ते चांगलं, हा हिशोब इथे चुकतो.

मग सरळ नवा वूफर का नाही? कारण खोका आणि वूफर एकमेकांसाठी बेतलेले असतात. कोनचं वजन, मागच्या स्पायडरचा ताण आणि खोक्यातली हवा मिळून खर्ज कुठवर उतरणार ते ठरतं. दुसरा वूफर बसेल, वाजेल, पण तो बाबांचा स्पीकर नसेल.

पुढचे दोन तास मी एका उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसून होते आणि मोबाइल एकदाही काढला नाही. (ऑफिसमध्ये कुणी विश्वास ठेवणार नाही.) आधी जुना फोम खरवडून स्पिरिटने पुसला. मग नवी रिंग. ती नुसती दहा इंची आहे म्हणून चालत नाही. आतला व्यास, बाहेरचा व्यास, वळणाची उंची, सगळं मोजायचं. रबराची रिंग जास्त टिकते, पण जड आणि ताठ असेल तर खर्ज बदलतो. म्हणून काकांनी फोमच घेतला. पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा जाईल, हे आधीच सांगून!

खरी गंमत पुढे. कोनच्या मधली गोल टोपी ब्लेडने अलगद कापली. आत कॉइल, आणि कॉइलच्या आत चुंबकाचा खांब. दोघांमधली फट केसांच्या जाडीच्या हिशोबातली. कॉइल तसूभर सरकली तरी घासणार. ती मधोमध राहावी म्हणून काका त्या फटीत पातळ पट्ट्या घालतात. कसल्या? जुन्या एक्स-रे फिल्मच्या! कात्रीने कापलेल्या. कुणाच्या तरी बरगड्या चार बाजूंनी माझ्या बाबांची कॉइल धरून उभ्या होत्या.

मग कडेला डिंक, एका रात्रीचा आराम, पट्ट्या बाहेर, नवी टोपी. तपासणीसाठी दीड व्होल्टचा पेन्सिल सेल: प्लसला प्लस लावला की कोन टुणकन पुढे येतो. मल्टिमीटरवर सहा ओहमच्या आसपास आकडा. स्पीकरवर आठ लिहिलं असेल तर हे बरोबर. शेवटी तीस हर्ट्झचा सूर. तो ऐकू कमी येतो, दिसतो जास्त. कोन नुसता श्वास घेतो. कॉइल घासत असेल तर त्यातून बारीक खरखर येते. काकांनी कान नाही, दोन बोटांची टोकं कोनवर ठेवली. "कान आता पन्नास टक्के. चाळीस वर्षं याच आवाजात बसलोय. बोटं अजून खोटं बोलत नाहीत." खात्रीला मला ऐकायला लावलं. खरखर नव्हती.

बिल आलं ते एका बऱ्यापैकी ब्रंचपेक्षा कमी. आणि मला वाटतं, अडचण इथेच आहे. अख्खा दिवस खाणाऱ्या कामाला आपण चिल्लर देतो आणि इन्स्टाग्रामवर 'विंटेज' लिहिलेल्या रिकाम्या खोक्याला हजारो रुपये. मी जास्त पैसे पुढे केले. काकांनी ते दोन नोटा कमी करून घेतले आणि पुढचा वूफर ओढला.

बाबांनी त्या रात्री भीमसेनजींची कॅसेट लावली. आवाज वाढवला नाही. "वाजतायत," एवढंच म्हणाले आणि टेम्पोवाल्याला फोन करून स्पीकर्ससाठी वेगळी चादर ठेवायला सांगितलं.

तुमच्या घरी माळ्यावर अशी जोडी असेल, तर काही गोष्टी. दुकानं रविवारी बहुतेक बंद असतात, तेव्हा शनिवार धरा. गणपती ते दिवाळी टाळा. अख्खा खोका उचलून लोकलमध्ये चढू नका, वूफर स्क्रूने सुटतात. तारांचा फोटो मात्र आधी काढा. एकच बिघडला असला तरी दोन्ही न्या, म्हणजे दोन्हीला एकसारखी कड बसते. फार जुना स्पीकर असेल आणि त्यात अल्निको मॅग्नेट असेल, तर मॅग्नेट उघडू देऊ नका. उघडला की ताकद जाते. आणि फाटलेला फोम, तुटलेला तुकडा, काहीही फेकू नका. पिशवीत घालून न्या. माप त्याच्यावरूनच घेतात.